नदीचा प्रश्न कलेतून मांडायचा असेल, तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नदीकाठच्या एका मोठ्या गावात तुमचा तरुणांचा गट आहे. तो नदीच्या प्रदूषणावर पथनाट्य करतो, शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतींवर चित्रे काढतो, गणेशोत्सवात निर्माल्य गोळा करतो. लोक थांबून पाहतात, कौतुकही करतात; पण नदीत काही फरक पडत नाही, आणि तेच पथनाट्य पुन्हा करताना गटाचा उत्साह ओसरू लागला आहे. अशा वेळी कलेचा उपयोग होतो का, होत असेल तर काम कसे करावे, आणि त्याची मोजणी कशी करावी, असे तुम्ही विचारले आहे. गावोगावच्या कलापथकांबरोबर, भजनी मंडळांबरोबर आणि चित्रकारांबरोबर बरीच वर्षे काम करत आल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला सविस्तर द्यावेसे वाटते.

माझी पहिली सूचना अशी की, या हंगामात पथनाट्य थांबवावे. पथनाट्य या प्रकाराबद्दल माझी तक्रार नाही. परंतु तुमच्या पथनाट्यात जे सांगितले जाते ते पाहणाऱ्यांना आधीपासून माहीत असते. नदीच्या पाण्याला वास येतो, हे काठावर राहणाऱ्या माणसाला दुसऱ्याने सांगावे लागत नाही. त्याला न कळलेल्या, किंवा कळूनही चारचौघांत बोलता न आलेल्या गोष्टी वेगळ्या असतात : पाणी नेमके कुठून बिघडते, ते थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि तो अधिकार वापरला जावा म्हणून कोणासमोर काय म्हणायचे. कलेचे काम इथून सुरू होते. गावात वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या वस्त्यांत विखुरलेली माहिती एका जागी आणायची, ती सर्वांना दिसेल आणि ऐकू येईल अशा रूपात मांडायची, आणि जिथे निर्णय होतो तिथपर्यंत न्यायची. यातली शेवटची पायरी सुटली की उरलेले सगळे करमणुकीत जमा होते.

तुम्ही संहिता पाठवली आहे, म्हणून तिच्याविषयी स्पष्ट लिहितो. तिच्यात निर्माल्य टाकणारी आजी आणि प्लास्टिकची पिशवी फेकणारा तरुण असे दोन दोषी आहेत. शेवटी दोघे कान पकडतात आणि नदी प्रसन्न होते. ही मांडणी वस्तुस्थितीला धरून नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले आहेत. त्यांपैकी ५५ महाराष्ट्रातले आहेत, आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वांत मोठी आहे. या पट्ट्यांच्या बिघाडाचे मुख्य कारण वस्त्यांचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी हे आहे. त्याच मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरी भागात रोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते, आणि ते शुद्ध करणाऱ्या केंद्रांची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर एवढीच आहे. त्यात साखर कारखान्यांची आणि आसवनींची, म्हणजे मद्यार्क गाळणाऱ्या कारखान्यांची, मळी, रंगाई-धुलाईचे पाणी, शेतातून वाहून येणारी खते मिळतात. वर बंधाऱ्यांमागे पाणी अडून राहिले की उन्हाळ्यात वाहते पाणी कमी होते आणि जे वाहते त्यातला मैला दाट होतो. तुमच्या चित्रात जलपर्णी राक्षसिणीच्या रूपात आहे. परंतु ती सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर पोसली जाते. सांडपाणी येत राहिले तर काढलेली जलपर्णी पुन्हा येणार. आजीचे निर्माल्य नदीत जाऊ नये हे खरेच. परंतु नदीचा सारा भार तिच्या ओच्यात बांधला की ज्यांनी सांडपाण्याची व्यवस्था करायची ते पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवू शकतात. असे प्रयोग सर्वांना आवडतात याचे एक कारण हेच आहे.

म्हणून पहिले तीन-चार महिने ऐकण्यासाठी ठेवा. हे ऐकणे म्हणजे प्रश्नावली भरून घेणे नव्हे, आणि ते कलेच्या बाहेरचेही नाही. देवळाच्या किंवा चावडीच्या पटांगणात रांगोळीने आणि गेरूने नदीचा नकाशा काढा, पण तो तुम्ही काढू नका. भोई आणि कोळी कुटुंबांतल्या वडीलधाऱ्यांना डोह कुठे होते ते विचारा आणि त्यांच्या हातात रांगोळी द्या. परिटांना धुण्याची जागा विचारा, कुंभारांना मातीची, गुराख्यांना पाणवठ्याची, शेतकऱ्यांना मोटारी बसवलेल्या जागांची. जे जुने ते एका रंगात, आजचे ते दुसऱ्या रंगात. पाहता पाहता लोक एकमेकांना दुरुस्त करू लागतात, ‘तिथे नाही, वडाच्या खाली’ असे म्हणत पुढे सरकतात, आणि गावाला स्वतःच्या नदीचा एक दस्तऐवज मिळतो. माशांची नावे वेगळी लिहून घ्या. मरळ, वाम, शिंगाळा, खडशी ही नावे सांगणारी माणसे आता म्हातारी आहेत, आणि जाळ्यात बहुतेक चिलापी येते, हेही तीच सांगतील. मुलांकडून हे मासे चित्रित करून घेताना पुस्तकातला रंगीत मासा उतरवू देऊ नका. ज्याने तो मासा हातात धरला आहे त्याने शेजारी बसून ‘मिशा लांब कर, पाठ काळी कर’ असे सांगावे. असे काढलेले चित्र सुबक असेलच असे नाही, पण ते खरे असते, आणि ते पुढे कामाला येते. ते कसे, हे खाली सांगेन.

बायकांचे ऐकणे वेगळे ठेवावे लागते. मिश्र सभेत त्या बोलत नाहीत असा अनुभव तुम्हालाही असेल. दुपारचे काम आटोपल्यावर, बचत गटाच्या बैठकीला जोडून, त्यांच्या वस्तीत जा. पाणी कधी येते, कोणत्या हंड्याने कुठून आणावे लागते, नदीचे पाणी अंगाला लागले की खाज कोणाला येते, पाळीच्या कपड्याचे किंवा पॅडचे काय करतात, हे सारे तिथे निघते. तुमच्या गटात मुली नसतील तर आधी ती त्रुटी भरून काढा, कारण हे संभाषण मुलांच्या गटाला करता येणार नाही.

एका गोष्टीवर मला थोडे थांबायचे आहे, कारण पर्यावरणाच्या कलाउपक्रमांत ती बहुधा गाळली जाते. आपल्याकडे पाण्याचा इतिहास जातीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. तुमच्या गावातही घाट कोणाचे, पाणवठा कोणाचा, खालच्या अंगाची वस्ती कोणाची, हे ठरलेले असणार. गावाचे गटार बहुतेक ठिकाणी त्या खालच्या वस्तीजवळच नदीत उतरते. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरी प्रत्यक्षात ते पाणी कोणाला घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेले हजारो लोक तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा कागदावरचा हक्क प्रत्यक्ष बजावला गेला. सार्वजनिक ठिकाणी केलेली एक साधी कृती किती मोठा अर्थ उभा करू शकते, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. त्यामुळे ‘पूर्वी नदी किती सुंदर होती’ असे गीत लिहिण्याआधी, ती कोणाला सुंदर होती आणि कोणाला तिच्या काठावर येण्याची मुभा नव्हती, हे विचारून घ्या. ज्यांना ती आठवण सुखाची नाही ते तुमच्या गाण्यात सूर मिळवणार नाहीत, आणि त्यांचे बरोबर असेल. तसेच, सफाईच्या दिवशी हातमोजे घालून फोटोपुरते गाळात उतरणारे कोण आणि वर्षभर उघड्या हातांनी गटार उपसणारे कोण, हा प्रश्न प्रयोगात आला नाही तर तो प्रयोग अर्धवटच राहतो.

आता कलाप्रकाराविषयी. आपल्या भागात या कामासाठी नवी भाषा शोधावी लागत नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्याच्या कार्यकर्त्यांनी पुढे तमाशाची चौकट घेऊन सत्यशोधकी जलसे उभे केले. सावकारी, पुरोहितशाही, शिक्षण हे विषय त्यांनी ढोलकी-तुणतुण्यावर, सवाल-जबाबात मांडले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि इतरांच्या आंबेडकरी जलशांनी, १९४० च्या दशकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने ही परंपरा पुढे नेली. या सर्वांमधली शिकण्यासारखी बाब अशी की, सादर करणारे ज्या प्रश्नाविषयी बोलत होते तो त्यांच्याच अंगावरचा प्रश्न होता, आणि त्यांच्यामागे एक चळवळ, एक संघटना उभी होती. जलसा संपल्यावर श्रोत्याला कुठे जायचे ते ठाऊक असे.

गाडगेबाबांची पद्धत मला सर्वांत उपयोगाची वाटते. ते गावात येत, हातात खराटा घेऊन दिवसभर गाव झाडत, आणि रात्री कीर्तन करत. कीर्तनात ते उपदेशापेक्षा प्रश्न अधिक विचारत, श्रोत्यांनी मोठ्याने उत्तर द्यायचे, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. कर्ज काढून सण करणे, देवापुढे बकरे कापणे, मुलांना शाळेत न घालणे हे विषय त्या प्रश्नोत्तरांत येत. श्रोत्याच्या स्वतःच्याच तोंडून निघालेले उत्तर त्याला सहज नाकारता येत नसे. आणि बोलणाऱ्याने आधी काम केलेले असल्यामुळे त्याला बोलण्याचा अधिकार आहे की नाही, ही शंका कोणी काढत नसे. राज्य शासनाने २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले; मात्र त्या अभियानाच्या अनेक कार्यक्रमांत झाडू उरला आणि प्रश्न विचारणे गळाले. तुमच्या प्रयोगात प्रेक्षकांना खरे प्रश्न विचारा, ज्यांची उत्तरे तुम्हाला आधीपासून माहीत नाहीत असे. भारूड त्यासाठी उत्तम आहे. गावात भजनी मंडळ असेल तर त्यांच्याकडे जा, आणि तयार गाणे देऊ नका. नकाशाच्या वेळी निघालेल्या गोष्टी त्यांच्यासमोर ठेवा, चाल आणि शब्द त्यांना ठरवू द्या. सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रे दाखवत कथा सांगणारी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या, विदर्भात झाडीपट्टीची रंगभूमी, पालघर-जव्हारकडचा मुखवट्यांचा बोहाडा, अशी प्रत्येक भागाची स्वतःची रूपे आहेत. मात्र एक पथ्य पाळा : दुसऱ्या भागाची कला सजावटीसाठी उचलू नका. पश्चिम महाराष्ट्रातल्या नदीच्या भिंतीवर वारली आकृत्या नाचत असतात, त्या का, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. वारली चौक ही लग्नात सुवासिनींनी काढायची, देवीला बोलावणारी रचना आहे. तिचा अर्थ त्या समाजाला विचारल्याशिवाय ती भिंत भरण्यासाठी वापरणे मला योग्य वाटत नाही.

कोणी सादर करायचे, या मुद्द्यावर विदर्भातले एक उदाहरण पाहा. शेतकरी आत्महत्यांच्या विषयावरचे ‘तेरवं’ हे नाटक श्याम पेठकर यांनी लिहिले आणि हरीश इथापे यांनी बसवले. त्यात रंगमंचावर उभ्या राहिलेल्या स्त्रिया आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्याच होत्या. त्यांच्यातल्या वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. ज्या स्त्रीला एरवी मदतीच्या यादीतले एक नाव म्हणून ओळखले गेले असते, तिने साऱ्या महाराष्ट्रासमोर विधवेच्या जगण्याविषयी स्वतःच्या शब्दांत सांगितले. कलेने इथे जे केले ते कोणत्याही व्यावसायिक नटाला करता आले नसते. पण यात जबाबदारी मोठी आहे. स्वतःचे दुःख पुन्हा पुन्हा लोकांसमोर मांडणाऱ्या माणसाला थांबण्याची मुभा हवी, प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळायला हवी, आणि घरच्यांचा विरोध झाला तर त्याच्या बाजूने उभे राहणारे कोणी हवे. तुमच्या प्रयोगात सफाई कामगार किंवा मासेमारी सोडावी लागलेली माणसे येणार असतील, तर ही तरतूद आधी करा.

नाटक आणि भिंत यांच्यापलीकडेही एक वाट आहे, आणि माझ्या मते तुमच्यासारख्या गटाने तिच्याकडे अधिक लक्ष द्यावे. मुंबईच्या चित्रकार-शिल्पकार नवज्योत अल्ताफ १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बस्तरमधल्या कोंडागाव इथे राजकुमार, शांतीबाई, घेसूराम या स्थानिक कलावंतांबरोबर काम करत आल्या आहेत. त्यांच्या कामातला एक भाग ‘नलपार’ म्हणजे हातपंपाच्या जागांचा आहे. हातपंपाभोवती चिखल होई, सांडलेले पाणी साचे, आणि पाणी भरणाऱ्या बायकांना भरलेला हंडा जमिनीवरून एकदम डोक्यावर उचलावा लागे. कलावंतांनी वस्तीतल्या बायका, मुले आणि नगरपालिकेची माणसे यांच्याबरोबर बसून या जागा नव्याने बांधल्या. पाणी वाहून जाईल असा ओटा, आणि कडेच्या भिंतीत भांडी टेकवता येतील असे कोनाडे व टप्पे, म्हणजे हंडा एका दमात न उचलता टप्प्याटप्प्याने वर घेता येईल. भिंतींचे आकार आणि त्यांवरच्या खुणा त्या वस्तीच्या कल्पनेतून आल्या. तिथे कोणताही संदेश लिहिलेला नाही. तरी पाणी, बाईचे श्रम आणि सार्वजनिक जागा यांविषयी ही रचना रोज काही सांगते, कारण ती रोज वापरली जाते. तिची रचना ठरवताना झालेल्या बैठका हादेखील त्या कलाकृतीचाच भाग होता, असे मी मानतो. तुमच्या गावात अशी कोणती जागा आहे ते पाहा : घाटाची मोडलेली पायरी, निर्माल्याचा कुंड, कपडे धुण्याचा दगड, जनावरांचा हौद.

याच वाटेवरचे दुसरे उदाहरण मुंबईतल्या वेसावे कोळीवाड्याचे. तिथे बॉम्बे६१ या वास्तुरचनाकारांच्या गटाने कोळ्यांबरोबर काम करून खाडीत वाहून येणारा कचरा अडवण्यासाठी मासेमारीच्या जाळ्यांचाच उपयोग करून पाहिला. भरती-ओहोटीचा वेग, जाळ्याचा डोळा केवढा ठेवायचा, ते कुठे आणि कसे बांधायचे, हे ज्ञान कोळ्यांचे होते. कचरा आल्यामुळे ज्यांची मासळी गेली त्यांचे कौशल्य इथे केंद्रस्थानी आले, त्यांना जागृतीचे धडे देण्याची गरज उरली नाही. नदीच्या काठावर भोई समाजाकडेही असेच ज्ञान असते.

मोजणीविषयी तुम्ही विचारले आहे. किती प्रयोग झाले आणि किती लोक आले, ही मोजणी अहवालासाठी ठीक आहे, पण नदीसाठी तिचा उपयोग नाही. जर्मन कलावंत जोसेफ बॉइस यांनी १९८२ मध्ये कासेल शहरात सात हजार ओक वृक्षांचे काम सुरू केले. प्रत्येक झाडाशेजारी बेसाल्टचा एक खांब रोवायचा होता, आणि ते सात हजार दगड आधीच संग्रहालयासमोरच्या चौकात आणून टाकले होते. जसजशी झाडे लागतील तसतसा ढीग कमी होणार. काम किती राहिले ते शहराला रोज दिसत होते, आणि चौक अडला म्हणून रागावलेल्यांनाही ढीग हटवण्याचा मार्ग झाड लावणे हाच होता. १९८६ मध्ये बॉइस गेले. शेवटचे झाड १९८७ मध्ये लागले. आपल्याकडे बेसाल्ट म्हणजे काळा पाषाण, सह्याद्री त्याचाच आहे. तुमच्या गावातून नदीत उतरणारी गटारे आणि ओहोळ मोजा, प्रत्येकासाठी एक मोठा धोंडा चावडीसमोर ठेवा, त्यावर त्या गटाराचे ठिकाण त्या वस्तीतल्या लोकांनी रंगवावे. ज्या गटाराला शोषखड्डा, पाझरखड्डा किंवा स्थिरीकरण तळे (सांडपाणी साठवून शुद्ध होऊ देणारे तळे) मिळेल त्याचा धोंडा उचलून त्या जागी रोवायचा. धोंडे हलले नाहीत तर तेही सर्वांना दिसेल, आणि ग्रामपंचायतीला त्याबद्दल विचारणे सोपे जाईल.

इथे निर्णयाच्या जागेचा प्रश्न येतो. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास भरतात, आणि पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा २ ऑक्टोबरपासूनच्या काळात तयार होऊ लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित ठेवला होता, त्याचा अर्धा स्वच्छतेसाठी आणि अर्धा पाण्यासाठी. म्हणजे शोषखड्ड्यांसाठी किंवा सांडपाण्याच्या तळ्यासाठी पैसा मागण्याची जागा असते. मागणी मात्र आराखड्यात वेळेवर लिहिली गेली पाहिजे. तुमचा मुख्य प्रयोग गणेशोत्सवात नको, ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी ठेवा. रांगोळीच्या नकाशाची कापडावर उतरवलेली प्रत दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत टांगा, ठरावाचा मसुदा हातात असू द्या, आणि तो मांडायला प्रयोगात बोललेल्या बाईलाच उभे करा. दुसरी जागा जैवविविधता व्यवस्थापन समितीची. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक पंचायतीत अशी समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. अनेक गावांत ही नोंदवही उपचार म्हणून भरलेली असते. मुलांनी काढलेले मासे, त्यांची स्थानिक नावे, ते कोणत्या डोहात आणि कोणत्या साली शेवटचे दिसले याच्या आठवणी या नोंदवहीत गेल्या, तर तुमचे चित्र हा कायदेशीर दस्तऐवजाचा भाग होतो. पुढे वाळूउपशाविरुद्ध किंवा एखाद्या प्रकल्पाबाबत म्हणणे मांडताना त्याचा आधार घेता येतो. वाळू उपसणाऱ्यांची किंवा कारखान्याची नाराजी ओढवणार असेल, तर ते नाव प्रयोगात एकट्या नटाच्या तोंडी घालू नका. ते ठरावात, सामूहिक सह्यांनिशी आणि पुराव्यासह आले पाहिजे.

पैशाविषयी माझे मत कडक आहे. जो कारखाना नदीत पाणी सोडतो त्याच्या सामाजिक दायित्व निधीतून नदीवरची भित्तिचित्रे करू नका, रक्कम कितीही आकर्षक असली तरी. त्या भिंतीवर त्याचे नाव येते, आणि गावाला तुमच्याविषयी जे कळायचे ते कळते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने १९८० पासून काढलेल्या कलाजथ्यांचा मार्ग मला पटतो. गाणी-नाटके घेऊन गावोगाव फिरणारा जथा विज्ञानाची पुस्तके विकत असे, आणि खर्चाचा मोठा भाग त्यातून निघे. तुम्हाला तेवढे मोठे काही करायचे नाही. घरोघरी शिधा आणि थोडी वर्गणी गोळा केली तरी गावाचा प्रयोग गावाच्या पैशात होतो. सादर करणाऱ्यांना मानधन द्या, विशेषतः वाजंत्री आणि हलगीवाले यांना. त्यांनी सेवाभावाने वाजवावे ही अपेक्षा जुन्या बलुतेदारीतून आलेली आहे.

भिंतींबाबत थोडेच लिहितो. भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी घ्या. तैलरंगाऐवजी चुना, गेरू, काव, काजळी वापरून पाहा. कोकणात आणि गोव्यात देवळांच्या व घरांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर तांबडी काव देऊन ती खरवडून केलेले कावीकाम आहे, ते पिढ्यान्पिढ्या टिकलेले आहे. घोषवाक्य लिहू नका. त्या जागेची माहिती लिहा. उदाहरणार्थ, घाटाच्या भिंतीवर कोणत्या सालच्या पुराचे पाणी कुठपर्यंत आले त्या रेषा, आणि त्या रेषेशी कोण राहत होते त्यांची आठवण. लोक तिथे उंची मोजायला थांबतात. ध्वनिक्षेपक वापरणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी घ्या आणि रात्री दहाच्या आत संपवा. शाळेची मुले घ्या, पण केवळ मुलांच्या तोंडी मोठ्यांना जाब विचारणारी वाक्ये घालून काम उरकू नका; मुले गोड दिसतात, पालक हसतात आणि विषय तिथेच मिटतो.

गटाचा उत्साह ओसरला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तो बहुधा एकच गोष्ट सांगत राहिल्यामुळे ओसरला असावा. नवे काही कळू लागले की माणसे टिकतात. भाद्रपदापर्यंत पुरते ऐकून, २ ऑक्टोबरच्या आसपासची ग्रामसभा गाठता येईल असा कार्यक्रम आखा. पहिल्या महिन्यात फक्त तीन कामे करा : गटारांची मोजणी, भोई वस्तीतल्या दोन-तीन बैठका आणि बचत गटातल्या बायकांबरोबरची एक बैठक. त्यात काय निघाले ते पाहून मगच नाटक, भारूड की घाटाची पायरी, हे ठरवा. ठरवताना त्या बैठकांना आलेल्या माणसांना बोलवा, आणि त्यांचे मत तुमच्या मताहून वेगळे पडले तर त्यांच्या मताने चला.